डोणीत पाणी कधी येतं

सव्वीस वर्षं मी माणसं कानाने मोजली. मी वाटाड्या होतो त्या किल्ल्याच्या भुयारात बॅटरीचा उजेड पडतो तो पुढच्याच्या पाठीवर, आणि वाट इतकी अरुंद की मागे वळून डोकी मोजायची सोय नाही. म्हणून तोंडाशीच सगळ्यांना ओळीत उभं करायचो आणि भुयाराच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचो. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. घालणारा एकेक मागणं मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. गाऱ्हाणं घालायचा मान गावोगाव ठरलेला असतो, आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याकडे तो येणं शक्य नव्हतं. पण भुयाराच्या राखणदारावर कुणी हक्क सांगितला नव्हता, तेव्हा मीच पुढे झालो.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुजी लेकरां आज तुज्या वाटेक इली आसत. तेंका सुखरूप ने आणि सुखरूप भायर हाड रे म्हाराजा!"

मग एकेकाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नऊ माणसं, नऊ आवाज. आत दर पन्नास पावलांवर मी ‘म्हाराजा’ अशी हाक घालायचो आणि मागून ओळीने आवाज यायचे. एखादा आला नाही की जागच्या जागी थांबायचं. पाहुण्यांना वाटायचं ही करमणूक आहे. काही जण मोबाईलवर त्याचं चित्रण करायचे. करमणूक वाटली की माणूस मोठ्याने ओरडतो, आणि मला तेच हवं असायचं.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण एक फळा आहे. गावच्या पर्यटन समितीने भुयाराच्या तोंडाशी दगडी फळा लावायचं ठरवलं आहे. घटस्थापनेला तो लागणार. त्यावर माझं नाव असेल आणि नावाखाली भरतीची वेळ काढायचं माझं गणित असेल. हे कळल्यापासून मला चैन पडत नाही. त्या गणिताने मी एकदा नऊ बायकांना पाण्यात घातलं होतं, आणि ते इतकी वर्षं माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

किल्ल्याचं नाव लिहीत नाही. आधीच सुट्टीत आमच्याकडे गाड्या लावायला जागा उरत नाही. पूर्वी किल्ल्यात वस्ती होती. घरं, कोठारं, विहीर, सगळं. तोफा डागल्या जात असताना माणसांना वरून हिंडता यायचं नाही, म्हणून जमिनीखालून चालायच्या वाटा खोदल्या होत्या. कोठारापासून विहिरीपर्यंत एक, विहिरीपासून तटापर्यंत एक आणि तिसरी दर्यादरवाजापर्यंत. पहिल्या दोन ढासळल्या. तिसरी शाबूत आहे. शहरातल्या लोकांना मी सांगायचो, तुमच्याकडे रस्ता ओलांडायला सबवे असतो ना, तसंच हे. फक्त वरून बसऐवजी तोफगोळे जायचे.

असं एकदा सांगितलं तेव्हा ओळीतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मी चाळीस वर्षं सबवेत काढलीत." मुंबईच्या एका सबवेत त्यांचं घड्याळाच्या पट्ट्यांचं दुकान होतं. भुयारात ते उजवा हात भिंतीला लावून असे चालले की बॅटरीची गरजच नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "आमच्याकडे सहा तोंडं. चुकीच्या तोंडातून वर आलेला माणूस परत खाली येऊन शिव्या मला द्यायचा. तुमचं बरं आहे, एकच तोंड." मग चहा पिताना जरा गंभीर झाले. "एक लक्षात ठेवा. वाट चुकलेला माणूस विचारतो. घाबरलेला विचारत नाही, तो पाय उचलतो. त्याला आधी थांबवा." सव्वीस वर्षांत धंद्याचं असं शिक्षण मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

बाकी तऱ्हा पुष्कळ पाहिल्या. आतला गारवा लागल्यावर ‘एसी कुठे बसवलाय’ म्हणून भिंती चाचपणारे एक साहेब होते. एका नवरदेवाने बायकोसमोर फुशारकी मारली, की मी एकटा पुढे जाऊन येतो. वीस पावलांवर एक वटवाघूळ फडफडलं आणि तो जो मागे धावला, तो बायकोच्याही मागे जाऊन उभा राहिला. त्या बाईने नंतर अख्ख्या फेरीत त्याचा हात सोडला नाही. रागाने की मायेने, ते मला कळलं नाही.

आता भुयाराची रचना सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तोंडाशी चाळीस पायऱ्या उतरल्या की सपाट वाट लागते. अर्ध्यावर बारा पावलांचा एक खोलगट भाग आहे. त्याला आम्ही डोण म्हणतो. गुरांना पाणी ठेवायची दगडी डोण असते तसाच आकार. तिथे छत इतकं खाली येतं की वाकल्याशिवाय चालता येत नाही. डोण ओलांडली की वाट पुन्हा चढते आणि दर्यादरवाजात निघते. दरवाजाबाहेर खडक आणि समुद्र. दोन्ही बाजूंना ताशीव तट, चढायला जागा नाही. आल्या वाटेनेच परत जायचं.

गोम अशी की डोणीच्या भिंतीत, पायाच्या घोट्याजवळ, एक भोक आहे. ते कुठून तरी समुद्राला मिळतं. भरती चढू लागली की पाणी आधी त्या भोकातून डोणीत येतं. दर्यादरवाजात उभ्या असलेल्या माणसाला समुद्र अजून पुरुषभर खाली दिसत असतो, आणि त्याच्या पाठीमागे परतीची वाट भरत असते. पूर्ण भरतीच्या अडीच तास आधी डोणीत पाणी यायला लागतं. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात छताला टेकतं.

म्हणजे भरती कधी हे कळलं की सगळं कळलं. मी जन्माने दर्याचा माणूस नव्हे. आमचा गाव आत डोंगराकडे. भात, काजू, नाचणी. समुद्राशी माझा संबंध लग्नामुळे आला. सासुरवाडी किनाऱ्यावर, तिथेच राहिलो आणि पोटासाठी वाटाड्या झालो. त्या वेळी कुणीतरी मला तिथीचं गणित सांगितलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जेवढे येतील तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. मला ते इतकं आवडलं की काय सांगू! समुद्र माझ्या बोटांवर आला, असं वाटलं. कोळ्यांना मी भरतीच्या वेळा सांगायचो आणि ते हसून मान हलवायचे. मला वाटायचं, त्यांना पटतंय.

मथुराबाय तेवढी तोंडावर बोलायची. जेटीच्या रस्त्याला टोपली घेऊन बसणारी ही मासेवाली माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. "दत्ता, तू डोंगरातलो. तुजा गणित तुज्या खिशात ठेय," म्हणायची. मी म्हणायचो, "मथुराबाय, गणितात डोंगरातला आणि दर्यातला असा भेद नसतो."

ती जी फेरी, ती थंडीतल्या एका दिवसाची. सुनंदा, म्हणजे माझी बायको, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात मी एकटाच, आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मागच्याच महिन्यावर थांबलेलं. एरवी सकाळी तिथी बघून निघायचो. त्या दिवशी पान उलटायचाही कंटाळा केला. जेटीवरून जाताना मथुराबाय टोपलीवर हात ठेवून चिडलेली दिसली.

"आज संकष्टी मरे! सगळी उपाशी. ह्ये बांगडे कोणाक घालू, तुका?"

संकष्टी म्हणजे चतुर्थी. चतुर्थी म्हणजे भरती तीनला. साडेबारापर्यंत डोण कोरडी. झालं माझं गणित. पान न उलटताच कळलं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

त्या दिवशी एकच तुकडी होती. कणकवलीहून नऊ निवृत्त शिक्षिका यायच्या होत्या, साडेदहाला. गाडी पंक्चर झाली म्हणून अकराला पोचल्या. त्यांच्या म्होरक्या नाईकबाई. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखणाऱ्या, पण आवाज वर्गातला. आयुष्यभर गणित शिकवलेलं. तोंडाशी उभ्या राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आत पाणी येतं म्हणतात. ते कधी येतं हे तुम्हाला कसं कळतं?"

मी जणू याच प्रश्नाची वाट बघत होतो! मी गणित सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. पर्समधून वही काढून त्यांनी पंचमीचं करून पाहिलं, नवमीचं करून पाहिलं. मैत्रिणींना म्हणाल्या, "बघा गं, याला म्हणतात ज्ञान. पदवी नाही, पुस्तक नाही." मी फुगलो. आणखी दोन उदाहरणं घातली. त्यात वीस मिनिटं गेली. गाऱ्हाणं घालून, नऊ आवाज मोजून आम्ही उतरलो तेव्हा अकरा वीस झाले होते. माझ्या हिशोबाने तरीही भरपूर वेळ होता.

डोणीत पोचलो तर एक बाई ओरडल्या, "अगंबाई, किती हे खेकडे!" भिंतीवर बोटभर उंचीपासून गुडघ्यापर्यंत लहान लहान कुर्ल्या चिकटल्या होत्या. मी म्हटलं, "तुमच्या स्वागताला आल्या आहेत." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

दर्यादरवाजात त्या रमल्या. फोटो झाले, एकीने शाळेतली प्रार्थना म्हटली. समुद्र खाली होता, खडक उघडे होते. बाराला पाच कमी असताना मी सगळ्यांना मागे वळवलं. उतारावरून बॅटरी पुढे मारली आणि डोणीतली जमीन हललेली दिसली.

पाणी होतं. भोकातून गुळगुळ आवाज येत होता आणि पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. मन पुन्हा पुन्हा तीन वाजता, तीन वाजता म्हणत होतं आणि पाय पाण्यात होते. अंगावर काथ्याची दोरी असायचीच. एक टोक घेऊन मी पलीकडे गेलो, भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलं, परत आलो आणि दुसरं टोक अलीकडच्या कडीला. "दोरी धरा, वाका, थांबू नका." एकेक करून आठ जणी पार झाल्या. शेवटचीच्या कमरेला पाणी होतं. पलीकडे पोचल्यावर काही जणी रडू लागल्या आणि अंधारात पायऱ्यांकडे पळणारी पावलं मला ऐकू आली. सबवेतल्या म्हाताऱ्याचे शब्द आठवले. मी जोराने ‘म्हाराजा’ म्हणून ओरडलो. सात आवाज आले. पुन्हा ओरडलो. मग दुरून आठवा आला आणि पावलं थांबली.

नववा आवाज माझ्या शेजारी होता. नाईकबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"मी इथेच थांबते," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहीन. ओहोटी लागली की न्यायला या."

भरतीत त्या दारावर लाटा फुटतात. बाईंची उंची जेमतेम माझ्या खांद्याला. मला हे त्यांना सांगता येईना आणि वेळही नव्हता. मी अगदी सहज आवाज काढला. "बाई, घाबरताय कशाला? हे रोजचंच आहे. भरतीआधी इथे एवढं पाणी येतंच. अजून अर्धा तास आहे."

"गणितात धरलंय?"

"धरलंय."

त्यांनी हात पुढे केला. पाणी त्यांच्या छातीला आलं. वाकल्या तेव्हा हनुवटीला लागलं. चष्मा गेला. मी काखेत हात घालून त्यांना जवळजवळ उचललंच. बारा पावलं. आम्ही वर आलो आणि मागे बॅटरी मारली, तर दोरी पाण्याखाली गेली होती.

उन्हात आल्यावर आठ जणींनी बाईंना मिठ्या मारल्या. मी पायरीवर बसलो. बाई चष्म्याशिवाय माझ्याकडे अंदाजाने बघत म्हणाल्या, "यांचं गणित होतं म्हणून वाचलो. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर!" संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. पुढच्या आठवड्यात समितीने शाल आणि नारळ दिला. मी शाल अंगावर घेतली आणि खाली बसलो. तेवढ्या वेळात खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

फेरीच्या दिवशीच घरी येऊन मी कॅलेंडरचं पान उलटलं होतं. चौकटीत तृतीया छापलेली होती, आणि खाली बारीक अक्षरात संकष्टी. संकष्टीचा उपास चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. संध्याकाळी चतुर्थी लागली तरी उपास आजच, आणि दिवसभर तिथी तृतीयेची. उपास करणाऱ्याचं त्यात काहीच बिघडत नाही. पण तृतीयेची भरती सव्वादोनला असते. पाऊण तास मी उपासात घालवला होता. एरवी एवढी चूक निभावून गेली असती, कारण तासाभराची सवड ठेवूनच आत जायचो. त्या दिवशी ती सवड पंक्चरने खाल्ली आणि उरलेली माझ्या मिरवण्याने.

दुसऱ्या दिवशी मथुराबायने मला हाक मारली. इतर लोकांसारखं कौतुक करायला नव्हे.

"काय रे, डोणीत कुर्ल्यो दिसल्यो नाय तुका?"

"दिसल्यो."

"मगे? कुर्ल्यो भिंतीर चढल्यो काय पाणी तेंच्या मागसून येता. ह्या हयच्या पोरांकय ठावक."

"माका कोणी सांगूक नाय," मी म्हटलं. माझ्याही तोंडी त्यांची बोली आली.

"तू इचारलंस कधी?"

ती एवढंच बोलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर सात वर्षं मी काम केलं. डोणीत शिरण्याआधी भिंत बघायचो, कुर्ल्या दिसल्या की परत. गणित कुणी विचारलं तर हसून टाळायचो. गुडघे गेले तेव्हा काम मथुराबायच्या सुनेकडे, रेश्माकडे दिलं. गाऱ्हाणं तिला मी शिकवलं. बाकी मी तिला शिकवण्यासारखं फारसं नव्हतं.

आता फळ्याचं. नाईकबाईंनीच तो देऊ केला आहे. दगड त्यांचा, मजकूर त्यांचा. समितीने मला कौतुकाने वाचून दाखवला: माझं नाव, तिथीची पाऊणपट, खाली एक सोडवलेलं उदाहरण. मी मान हलवून घरी आलो. त्या दिवसापासून घरापुढच्या खळ्यात फेऱ्या. जेवताना उठतो, वाचायला घेतलेलं बाजूला ठेवतो, फाटकापर्यंत जाऊन परत येतो. चौथ्या दिवशी सुनंदा ओरडली, "तुमका झाला तरी काय? फेऱ्ये मारून मारून खळा झिजवलात. माका सांगशात काय?"

तेवढ्यात रेश्मा दारात आली. तिला मजकूर कळला होता.

"काका, रागावू नकात," ती म्हणाली. "भुयाराक कुलूप नाय. फळ्यार तुमचा गणित वाचून लोक आपणच भितर जातले. माका विचारूची गरजच नाय तेंका. कोण बुडालो तर?"

ती गेल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. कॅलेंडरचं, संकष्टीचं, नाईकबाईंना मारलेल्या थापेचं. शेवटी म्हणाली, "माका सांगून काय उपयोग? मी खंय फळो लावतंय?"

इथपर्यंत लिहून झालं आणि कागद महिनाभर तसेच राहिले. ज्यांच्या अंकासाठी हे लिहितो आहे त्या संपादकांचे तीन फोन आले, त्यांना काहीबाही सांगितलं. चौथ्या फोनच्या आधी मी कणकवलीची बस धरली.

नाईकबाई अंगणात शाळेतल्या चार मुलांना शिकवत होत्या. फुकट शिकवणी. फळ्यावर खडूने काय लिहिलं होतं? सप्तमीची भरती किती वाजता. मला पाहून मुलांना म्हणाल्या, "हे बघा, ज्यांचं गणित आपण करतो ते काका." मुलं उभी राहिली. मला पळून जावंसं वाटलं. त्यांना खेळायला पाठवा म्हणून मी विनंती केली, आणि पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं ते पान काढून बाईंसमोर ठेवलं. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

बाईंनी चष्मा सारखा केला. तृतीया पाहिली, संकष्टी पाहिली. त्यांना समजवायची गरजच नव्हती. बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस मिनिटं."

"होय."

"म्हणजे गणिताने आम्ही वाचलो नाही."

"नाही, बाई. गणितानेच बुडत होतात."

मुलांचा चेंडू दोनदा भिंतीवर आपटला. मग त्यांनी विचारलं, "पाण्यात तुम्ही म्हणालात, रोजचंच आहे. गणितात धरलंय. तेही खोटं?"

"खोटंच."

"ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं असतंत तर मी पाऊल उचललं नसतं." मग त्यांचा आवाज वर्गातला झाला. "पण भुयारातलं खोटं भुयारात. फळ्यावर चालायचं नाही. मी किती मुलांना हे शिकवलंय, तुम्हाला कल्पना आहे?"

मी म्हटलं, माझं नाव काढून टाका, फळाच नको. बाई ऐकेनात. "नाव राहील. चूक कोणाची हे लपवलं की मुलं चूकही विसरतात." उठून त्यांनी अंगणातल्या फळ्यावरची सप्तमी पुसली आणि मला खडू दिला. माझं अक्षर वाईट. तरी मीच लिहायचं, असा त्यांचा हट्ट. तोच मजकूर आता दगडावर आहे: ‘डोणीच्या भिंतीवर कुर्ल्या चढलेल्या दिसल्या तर तिथूनच मागे फिरा. तिथीच्या गणितावर आत जाऊ नका. ते गणित या भुयारात एकदा चुकलं आहे. चूक माझी.’ खाली माझं नाव. समितीतले काही जण नाराज झाले. एकाने तर विचारलं, शाल परत देणार का? मी शाल घेऊन गेलो, तर घेईनात. ती घरी परत आणून ठेवली आहे.

घटस्थापनेला फळा लागला. दुसऱ्या दिवशी हंगामातली पहिली फेरी होती आणि नाईकबाई काठी टेकत हजर. "मला आत यायचंय," म्हणाल्या, "आणि तुम्हीही यायचं. पाहुणे म्हणून." सुनंदाने माझ्या हातात काठी दिली. सांगलीकडची सहा माणसं होती. रेश्मा पुढे, ती सहा जणं मध्ये, त्यांच्या मागे बाई आणि सगळ्यात शेवटी मी. रेश्माने गाऱ्हाणं घातलं, उजेडात आठ डोकी मोजली आणि आम्ही उतरलो.

डोणीच्या काठाशी ती थांबली. बॅटरी भिंतीवर फिरवली. बोटभर उंचीवर चार-पाच कुर्ल्या होत्या. वर सरकत होत्या.

"आज हयसूनच मागे," ती म्हणाली, मग पाहुण्यांसाठी नीट मराठीत, "इथूनच परत फिरायचं."

"पण मोबाईलवर अजून एक तास दाखवतंय," एक गृहस्थ म्हणाले. "इतक्या लांबून आलोय आम्ही. पाणी तर दिसत पण नाही."

"नाही दिसत," रेश्मा म्हणाली. "दिसेल तेव्हा परत जाता येणार नाही. वळा."

गृहस्थ कुरकुरले. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली, मी एकही बोललो नाही. नाईकबाई आधी वळल्या, काठीने वाट चाचपत, आणि मग सगळेच वळले. आता ओळीत मी सर्वांत पुढे होतो आणि रेश्मा मागे. माझ्यापुढे फक्त अंधार आणि वर जाणाऱ्या पायऱ्या.

मागून रेश्माची हाक आली, "म्हाराजा!"

एकेक आवाज येऊ लागला. सहा झाले. सातवा नाईकबाईंचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मग शांतता. रेश्मा थांबली होती, सगळी ओळ थांबली होती, आणि मला कळायला एक क्षण लागला की आठवा आवाज माझा आहे. सव्वीस वर्षं मी फक्त हाक घातली होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"आठ," रेश्मा मागून म्हणाली. "सगळे आसत. चला वर."